शिक्षा आणि सिक्खा

मराठी भाषेत ‘शिक्षा’ या शब्दाचा रूढ अर्थ दंड असा आहे. हिंदी भाषकांना हाच शब्द विद्यार्जनाच्या अर्थाने परिचित आहे. पालीमध्ये त्याचे रूप ‘सिक्खा’ असे असून शील, समाधी आणि प्रज्ञा यांच्या अभ्यासाला तेथे तीन सिक्खा म्हटले आहे. आपण विहारात पंचशील ग्रहण करतो तेव्हा प्रत्येक शीलाचा उच्चार ‘सिक्खापद’ म्हणूनच करतो. सिक्खापद म्हणजे आज्ञा नव्हे, धमकी तर नव्हेच. ते अभ्यासाचे एक पाऊल आहे आणि पाऊल टाकणारा माणूस अडखळू शकतो हे त्या शब्दातच गृहीत धरलेले आहे. मराठीत या शब्दाला दंडाचा अर्थ कसा चिकटला हा भाषाशास्त्राचा विषय असल्याने तो आम्ही बाजूला ठेवतो. मात्र आपल्या मुलांच्या वाट्याला शाळेत सिक्खेपेक्षा शिक्षाच अधिक येते, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, मूल हा सारा धानाचा पट्टा. येथील दहावीचा निकाल लागतो तो रोवणीच्या तोंडावर. ज्या मुलामुलींचे एक-दोन विषय राहतात त्यांच्यासाठी पूर्वी ऑक्टोबरमध्ये परीक्षा होत असे. वर्ष वाया जाऊ नये म्हणून २०१५ पासून ती जुलैमध्ये होऊ लागली. हेतू चांगला आहे, परंतु जुलै म्हणजे बांधीत चिखल होऊन पऱ्हे उपटण्याचा आणि रोवण्याचा काळ. मजुरीवर जगणाऱ्या घरातील अनुत्तीर्ण मुलगी या महिन्यात पुस्तक घेऊन बसेल की आईबरोबर रोवणीला जाईल, हे वेगळे सांगावयास नको. तिच्या हाती जी गुणपत्रिका पडलेली असते तिच्यावर गणितापुढे एक आकडा असतो. ती नेमकी कोठे चुकली, समीकरण मांडताना की वजाबाकी करताना, याबद्दल त्या कागदावर एक अक्षरही नसते. मंडळाकडे शुल्क भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागविता येते, पण ती गुण वाढतील या आशेने मागवितात, आपली चूक पाहण्यासाठी क्वचितच कोणी मागवीत असेल.

आता हीच मुलगी रोवणीत काय अनुभवते ते पाहावे. नवशिकी मुलगी रोपे फार खोल खोचते, किंवा एका ठिकाणी गरजेपेक्षा जास्त काड्या लावते. शेजारची बाई तिथल्या तिथे तिचा हात धरून दाखविते. दुसऱ्या ओळीत चूक कमी होते, दुपारपर्यंत नाहीशी होते. चूक आणि दुरुस्ती यांच्यामध्ये तेथे चार क्षणांचे अंतर असते, आणि चुकणारीला कोणी ‘नापास’ म्हणत नाही. बांधीत मजुरीचे शोषण आहे, उन्हापावसाचे कष्ट आहेत, तेव्हा तिचे गुणगान करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु शिकविण्याची जी रीत निरक्षर बाईला अवगत आहे ती आमच्या परीक्षापद्धतीला साधलेली नाही, एवढे मान्य करावयास हवे.

गेल्या काही वर्षांत या विषयावर पुष्कळ वाद झाला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणत्याही मुलास त्याच वर्गात मागे ठेवू नये असे ठरविले. त्याच कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली, तर २९ व्या कलमात मूल भयमुक्त असावे आणि मूल्यमापन सातत्यपूर्ण असावे असे म्हटले. पुढे २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन पाचवी व आठवीत परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून या दोन इयत्तांची वार्षिक परीक्षा सुरू केली. मागे ठेवावे की पुढे ढकलावे, एवढ्यापुरताच हा वाद फिरत राहिला. मूल पुढे गेले तरी चूक तशीच सोबत जाते, आणि मागे ठेवले तरी तीच चूक दुसऱ्यांदा करण्यासाठी त्याला वर्षभर बसविले जाते. चुकीचे करावयाचे काय, हा प्रश्न दोन्ही पक्षांनी फारसा विचारला नाही.

हा प्रश्न तथागतांनी विचारला होता. मज्झिम निकायातील अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्तात त्याचे उत्तर सविस्तर आले आहे. राहुल त्या वेळी लहान होता, अट्ठकथेनुसार अवघ्या सात वर्षांचा. पाय धुण्याच्या भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवून भगवंतांनी त्याला ते दाखविले, मग ते ओतून टाकले, मग भांडे पालथे केले. जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रमणत्व असेच रिते असते, हा पहिला पाठ. त्यानंतर त्यांनी विचारले की आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे राहुलाने सांगितले. त्याचप्रमाणे प्रत्येक कर्म पाहून करावे : करण्यापूर्वी पाहावे, करीत असताना पाहावे आणि करून झाल्यावरही पाहावे. काया-वाचेने केलेले कर्म अहितकारक होते असे मागाहून दिसले तर ते शास्त्यापाशी किंवा जाणत्या सब्रह्मचाऱ्यापाशी उघड करावे आणि पुढे संयम पाळावा. कर्म हितकारक होते असे दिसले तर आनंदाने त्याच अभ्यासात राहावे. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात भिक्खू-भिक्खुणी आणि उपासक-उपासिका यांनी वारंवार ऐकावेत असे जे धम्मग्रंथ सुचविले आहेत, त्यांत असत्य भाषणासंबंधी राहुलाला केलेल्या या उपदेशाचा नावानिशी उल्लेख आहे.

या सुत्तात चुकीपूर्वी असत्याचा विषय का आला, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. चूक करणारा मुलगा शिकू शकतो. चूक लपविणारा शिकू शकत नाही, कारण दुरुस्त करावयाची वस्तूच त्याने दृष्टीआड केलेली असते. परीक्षेतील कॉपीचा विचार या दृष्टीने करून पाहावा. महाराष्ट्रात परीक्षांतील गैरप्रकार रोखण्यासाठी १९८२ चा कायदा आहे, कॉपीमुक्त अभियाने होतात, भरारी पथके फिरतात. कॉपी हा गुन्हा आहेच. पण तिच्या मुळाशी बहुतेक वेळा आळस नसून भय असते. आपले अज्ञान उघडे पडले तर आपल्याला कोणी सावरणार नाही, उलट हसतील, अशी ज्याची खात्री झाली आहे तो दुसऱ्याचे उत्तर उतरवून घेतो. पथक चिठ्ठी पकडू शकेल, परंतु हे भय पकडणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

आपल्या समाजाच्या बाबतीत हे भय दुहेरी आहे. उच्चवर्णीय मुलगा चुकला तर तो एकटा चुकतो, त्याने अभ्यास केला नाही असे म्हणतात. आपला मुलगा चुकला की त्याच्या चुकीत पिढ्यान्पिढ्यांची अपात्रता शोधली जात आली आहे. ज्यांना शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले त्यांच्या पहिल्या अक्षराच्या वळणावरून त्यांची बुद्धी ठरविणे हा केवळ अन्याय नव्हे, तर अध्यापनशास्त्राची हार आहे. असे ओझे डोक्यावर असलेले मूल वर्गात हात वर करीत नाही, आणि हात वर न करणाऱ्या मुलाची चूक शिक्षकाला शेवटच्या पेपरापर्यंत कळत नाही.

शिक्षकच चुकतो तेव्हा काय होते, याचे अत्यंत बोलके उदाहरण धम्मपद अट्ठकथेतील चुल्लपंथकाचे आहे. त्याचा थोरला भाऊ महापंथक हा अर्हत, विद्वान आणि शिस्तीचा. त्याने धाकट्याला एक गाथा पाठ करावयास दिली. चार महिने लोटले तरी ती पाठ होईना, नवी ओळ आली की जुनी निसटून जाई. अखेरीस महापंथकाने त्याला विहार सोडून जाण्यास सांगितले आणि जीवकाकडील भोजनाच्या निमंत्रणातही त्याला मोजले नाही. पहाटे निघालेल्या चुल्लपंथकाला भगवंत दारातच भेटले. त्यांनी त्याला पाठांतराचे काम दिलेच नाही. एक स्वच्छ वस्त्र हाती देऊन, मळ निघून जावो एवढेच म्हणत ते चोळत बसावयास सांगितले. चोळता चोळता वस्त्र मळले, आणि स्वच्छ वस्तू कशी पालटते हे डोळ्यांसमोर घडताना पाहून त्याला अनित्यतेचा बोध झाला. येथे शिष्य बदललेला नाही, रीत बदलली आहे. चार महिन्यांच्या अपयशातून महापंथकाने शिष्याबद्दल अनुमान काढले, भगवंतांनी त्याच अपयशातून शिकविण्याच्या पद्धतीबद्दल अनुमान काढले. महापंथक अज्ञानी नव्हता, अर्हत होता, ही बाब आमच्या शिक्षकबंधूंनी ध्यानात घ्यावी. पुष्कळ ज्ञान असूनही माणूस शिकविण्यात चुकू शकतो.

विनयपिटकाकडे तर या दृष्टीने अद्याप पुरेसे पाहिले गेलेले नाही. वेरंजा येथे सारिपुत्ताने भगवंतांना विनंती केली की संघ दीर्घकाळ टिकावा म्हणून आताच नियम घालून द्यावेत. भगवंतांनी त्याला थांबावयास सांगितले. ज्या दोषांसाठी नियम हवा ते दोष संघात प्रकट होईपर्यंत शास्ता नियम करीत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर वेसालीजवळच्या कलंदक गावच्या सुदिन्नाकडून पहिला गंभीर दोष घडला तेव्हा पहिले पाराजिक सांगितले गेले. म्हणजे विनय हा आधी रचलेला दंडसंग्रह नाही. प्रत्येक नियमामागे कोणाची तरी खरीखुरी चूक, तिची चौकशी आणि तीतून निघालेला बोध आहे. शिवाय ज्याच्या चुकीमुळे नियम झाला त्या पहिल्या माणसाला त्या नियमाखाली आपत्ती लागत नाही. सुदिन्नाला भगवंतांनी कठोर शब्दांत दोष दिला, परंतु पहिले पाराजिक त्याला लागू केले नाही. नियम माहीत होण्यापूर्वीची चूक आणि नियम समजल्यानंतरची चूक यांत विनयाने जो भेद केला तो आमच्या शाळांतून दिसत नाही. लाल शाई दोघींना सारखीच लागते.

लाल शाईचा विषय निघालाच आहे तर झाडीबोलीचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत घराघरांत जी बोली बोलली जाते तीत ‘ण’ च्या जागी ‘न’ येतो, ‘ळ’ च्या जागी ‘र’ येतो, ‘श’ व ‘ष’ च्या जागी ‘स’ येतो. ‘कोण’ हा ‘कोन’ होतो, ‘डोळा’ हा ‘डोरा’ होतो, ‘शेत’ हे ‘सेत’ होते. सिंदेवाहीकडील दुसरीतला मुलगा वहीत ‘सेत’ लिहितो तेव्हा तो बेफिकीर नसतो. तो आपल्या कानाशी अत्यंत प्रामाणिक असतो, आणि प्रत्येक वेळी तोच बदल त्याच नियमाने करतो. जी चूक नियमाने होते ती समजावून सांगता येते : घरी आपण असे म्हणतो, पुस्तकात असे लिहितात. दोन वाक्यांचे काम आहे. त्याऐवजी ‘अशुद्ध’ असा शिक्का मारला की त्या मुलाला आपली आईच अशुद्ध बोलते असे वाटू लागते. शुद्ध-अशुद्ध हे शब्द आमच्या कानांना कोणत्या इतिहासाची आठवण करून देतात हे सांगण्याची गरज नाही.

ज्यांना या ‘स’ चे हसू येते त्यांनी पालीकडे पाहावे. पालीत ‘श’ नाही आणि ‘ष’ ही नाही, एकच ‘स’ आहे. संस्कृतातील ‘शील’ पालीत ‘सील’ आहे, ‘शिष्य’ हा ‘सिस्स’ आहे. संस्कृत पंडिताच्या मापाने त्रिपिटकाचे प्रत्येक पान लाल शाईने भरून जाईल. चुल्लवग्गात अशी कथा आहे की ब्राह्मणकुळातून आलेल्या यमेळु आणि तेकुल या दोन भिक्खूंनी, लोक आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवितात म्हणून ते छंदस भाषेत बसविण्याची परवानगी मागितली. भगवंतांनी ती नाकारली आणि बुद्धवचन स्वतःच्या बोलीत शिकण्यास अनुमती दिली. गडचिरोलीतील गोंडी व माडिया बोलणाऱ्या मुलांची अडचण तर याहून मोठी आहे. झाडीबोली बोलणाऱ्या मुलाला मराठीचे एक वळण बदलावयाचे असते, त्या मुलांना सबंध भाषाच नवी असते. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडीतून शिकविणारी शाळा काढली ती याच जाणिवेने.

यावरून आमच्या विषयाची दुसरी बाजू पुढे येते. दाखविलेली प्रत्येक चूक ही चूक असतेच असे नाही, आणि हे पारखणे हादेखील शिक्षणाचाच भाग आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध ऑक्टोबर १९२२ मध्ये लंडन विद्यापीठाला सादर केला. परीक्षकांना त्यातील ब्रिटिश चलननीतीची चिकित्सा झोंबली आणि तो पुन्हा लिहून आणण्यास सांगण्यात आले. पैसा संपत आल्याने बाबासाहेब एप्रिल १९२३ मध्ये मुंबईला परतले होते. त्यांनी प्रबंधाची मांडणी नव्याने केली, निष्कर्ष मात्र सोडले नाहीत. तो स्वीकारला गेला, त्यांना डी.एस्सी. पदवी मिळाली आणि त्याच वर्षअखेर ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांचे गुरू प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि तीतच आपले मतभेदही नोंदविले. कोणता आक्षेप मांडणीचा आहे आणि कोणता सत्तेच्या सोयीचा आहे, याची निवड बाबासाहेबांनी केली. पहिल्यापुढे ते वाकले, दुसऱ्यापुढे वाकले नाहीत. मतभेद ठेवूनही शिष्याच्या ग्रंथाला प्रस्तावना देणारा गुरू लाभणे हेही थोडे नव्हे.

पुढे औरंगाबादच्या महाविद्यालयाला त्यांनी मिलिंद हे नाव दिले. मिलिंदपञ्हात नागसेन राजाला आधी विचारतात की वाद पंडितांच्या रीतीने करावयाचा की राजांच्या? पंडितांच्या वादात गुंता होतो, उकल होते, चूक दाखविली जाते, ती मान्यही केली जाते, आणि पंडित त्यामुळे रागावत नाहीत. राजे मात्र विरोध करणाऱ्याला दंड करतात. मिलिंदाने पंडितांची रीत पत्करली. राजाने ती पत्करावी यातच त्या ग्रंथाचे मोठेपण आहे.

आमच्या भागापुरते बोलावयाचे तर नागभीड तालुक्यातील नांदेड येथील शेतकरी दादाजी रामाजी खोब्रागडे यांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे, पण ते शिक्षणाचे उदाहरण म्हणून सांगितले जात नाही. दादाजींचे शालेय शिक्षण तिसरीपर्यंत झाले होते. १९८३ मध्ये पटेल-३ या धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या रंगाच्या लोंब्या दिसल्या. शुद्ध बियाणे राखणाऱ्याच्या हिशेबी असे झाड म्हणजे भेसळ. ते उपटून टाकावे असेच पुस्तक सांगते. दादाजींनी त्या लोंब्या वेगळ्या ठेवल्या, पुढल्या हंगामात निराळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. कित्येक हंगामांच्या या निवडीतून जो बारीक दाण्याचा वाण तयार झाला तो १९९० च्या सुमारास लोकप्रिय घड्याळाच्या नावावरून ‘एचएमटी’ म्हणून बाजारात ओळखला जाऊ लागला. इतरांना जी चूक दिसली असती तिच्याकडे ते पाहत राहिले, ही त्यांची विद्या.

याच कथेचा दुसरा भाग सिंदेवाहीतच घडला. १९९४ मध्ये कृषी विद्यापीठाच्या येथील भात संशोधन केंद्राने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि १९९८ मध्ये विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ हा वाण प्रसारित केला. आपण शुद्धीकरण करून वाण दिला अशी विद्यापीठाची भूमिका होती. मूळ निवड ज्याची त्याला श्रेय मिळाले नाही ही दादाजींची तक्रार होती, आणि ती आम्हांला न्याय्य वाटते. २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. तिसरी शिकलेल्या माणसाची चूक काढावयास शेकडो पदवीधर तयार असतात, पदवी देणाऱ्या संस्थेची चूक कोणी व कोठे दाखवावी याची सोय मात्र आपल्या शिक्षणव्यवस्थेत नाही. विनयात ती आहे. उपाध्यायाकडून गंभीर दोष घडला तर संघाकडून त्याची योग्य शुद्धी व्हावी यासाठी झटणे हे महावग्गात शिष्याचे कर्तव्य सांगितले आहे. तेही त्याच शिष्याचे, जो त्याचे पात्र धुतो आणि त्याच्या आजारात सेवा करतो.

बाबासाहेबांनी १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात अध्ययन केले तेथील मानसशास्त्रज्ञ जेनेट मेटकाफ यांनी अलीकडे चुकांवर पुष्कळ प्रयोग केले आहेत. त्यांतून आढळले ते असे की माणूस जे उत्तर पूर्ण खात्रीने देतो आणि ते चुकीचे निघते, त्याची दुरुस्ती त्याला अधिक पक्की लक्षात राहते. अट एकच, बरोबर उत्तर त्याला कळले पाहिजे. चूक आपोआप कोणाला शिकवीत नाही. नुसता आकडा मिळाला, किंवा नुसती छडी मिळाली, तर ती तशीच राहते.

विहारांच्या अभ्यासिकांना यातून काही करता येण्यासारखे आहे. दहावीच्या मुलांनी सराव पेपर सोडविल्यावर गुण सांगण्यापूर्वी प्रत्येकाने आपले एक चुकलेले उदाहरण फळ्यावर मांडावे आणि इतरांनी चुकलेली पायरी शोधावी. मोठ्या मुलाने प्रथम मांडावे, म्हणजे लहानांचे भय जाते. जुलैच्या पुरवणी परीक्षेसाठी रोवणीवरून परतणाऱ्या मुलींना रात्री दोन तास बसता येईल अशी दिव्याची आणि सोबतीची व्यवस्था करावी. यास देणगीपेक्षा माणसेच अधिक लागतील. वर्षावासात आपल्या बहुतेक विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. वाचणाऱ्या मुलाचा उच्चार अडला तर त्याला मध्येच थांबवून ग्रंथ दुसऱ्याच्या हाती देऊ नये. शब्द हळूच सांगावा आणि वाचन त्याच्याकडेच राहू द्यावे.

वर्षावासाची समाप्ती आश्विन पौर्णिमेला होते. शाळांतून प्रथम सत्राच्या परीक्षेचे दिवसही त्याच सुमारास येतात. त्या दिवशी भिक्खुसंघात पवारणा होते. तीन महिन्यांत माझ्याकडून काही दोष घडल्याचे कोणी पाहिले असेल, ऐकले असेल किंवा कोणाला शंका असेल तर अनुकंपेने सांगावे, दिसल्यास मी तो दुरुस्त करीन, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो. तिची सुरुवात नवदीक्षितापासून होत नाही. संघातील ज्येष्ठ थेर प्रथम उकिडवे बसून हात जोडतात, आणि समोर कालपरवा आलेला भिक्खूही असतो.